एकोणीस ॲप्स आणि एक कळफलक

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या ताई ४३ वर्षांच्या आहेत. २१ वर्षं त्यांनी एकाच छापखान्यात डीटीपीचं, म्हणजे संगणकावर पानं जुळवायचं काम केलं. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, मधूनमधून एखादा दिवाळी अंक. मालकांना वयामुळे झेपेना, तेव्हा छापखाना बंद झाला. आता घरून, ऑनलाइन काम करावं असं ताईंच्या मनात आहे. मुख्यतः मराठी मुद्रितशोधन आणि पुढे जमलं तर भाषांतर. पुण्यात नोकरी करणाऱ्या भाच्यानं फोन आणि लॅपटॉप मिळून १९ ॲप्स टाकून दिली. टिपांसाठी नोशन, कामाच्या यादीसाठी ट्रेलो, चित्रांसाठी कॅनव्हा, बोलण्यासाठी स्लॅक आणि झूम, शिवाय चॅटजीपीटी. आठ महिने झाले. "रोज काहीतरी नवीन उघडते, दोन व्हिडिओ बघते, संध्याकाळी हातात काहीच नसतं. भाचा म्हणतो, मावशी, तू खूप मागे आहेस." एक खासगी क्लास १८,००० रुपयांत तीन महिन्यांचा 'डिजिटल टूल्स'चा कोर्स देतो आहे. ताईंनी तीन गोष्टी विचारल्या आहेत: कोर्स करावा का, आधी कोणतं सॉफ्टवेअर शिकावं, आणि हे शिकायचं वय निघून तर गेलं नाही ना?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा अडचण समजून घ्यायला आणि दुसऱ्यांदा चुका शोधायला. दोन पानांत मला एकही चूक सापडली नाही. 'ऱ्हस्व' नीट, 'दुसऱ्या' नीट, अवतरणचिन्हं जागच्या जागी, स्वल्पविरामाच्या आधी कुठे मोकळी जागा सुटलेली नाही. संपादनासाठी माझ्याकडे जे मजकूर येतात त्यांतले फार थोडे इतके स्वच्छ असतात. त्यामुळे 'मागे आहेस' हे वाक्य आधी बाजूला ठेवू. जे काम तुम्हाला करायचं आहे ते तुम्हाला येतं.

मात्र पत्र पीडीएफमध्ये होतं आणि मेलमध्ये एवढीच ओळ होती, तीही इंग्रजी अक्षरांत: मजकूर इथे चिकटवला की सगळं वेडंवाकडं इंग्रजी दिसतं, म्हणून पीडीएफ पाठवते. तुम्ही हे जाता जाता सांगितलंत. माझ्या मते तुमच्या आठ महिन्यांच्या अडचणीचं मूळ या ओळीत आहे आणि त्या १९ ॲप्सपैकी एकानंही त्याला हात लावलेला नाही.

तुम्ही २१ वर्षं श्रीलिपीत, म्हणजे जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलंत. जुन्या फॉन्टमध्ये संगणकाला मराठी कळतच नव्हतं. तो रोमन अक्षरं साठवायचा आणि फॉन्ट त्यांच्या जागी मराठी आकार दाखवायचा. कृतिदेव या अशाच एका फॉन्टचं उदाहरण देते: त्यात 'मराठी' टाइप केलं की फाइलमध्ये खरं तर ई, जे, के, मोठा बी आणि एच एवढंच साठतं. फॉन्ट असेपर्यंत ते 'मराठी' दिसतं. मेलमध्ये नेलं की फॉन्ट जातो आणि ती पाच अक्षरं उघडी पडतात. छापखान्यात हे चालायचं, कारण शेवटी छपाईसाठी बटर पेपरवर प्रत निघायची आणि कागदाला फॉन्ट लागत नाही. ऑनलाइन कामात मजकूर स्वतः प्रवास करतो. म्हणून तो युनिकोडमध्येच असावा लागतो. तिथे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे आणि तो कुठल्याही फोनवर, कुठल्याही देशात तोच राहतो.

तेव्हा 'आधी काय शिकू' याचं माझं उत्तर: युनिकोडमध्ये टाइप करणं. एक महिना बाकी काही नाही.

त्यासाठी विकत काहीच घ्यावं लागत नाही. विंडोजच्या भाषांच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा, की इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांसाठीचा कळफलक मिळतो. विंडोज आणि स्पेस या दोन कळा एकत्र दाबून मराठी-इंग्रजी बदलता येतं. २०१९ पासून विंडोज १० मध्ये उच्चाराप्रमाणे टाइप करायचा मराठी फोनेटिकही आला आहे. भाच्यानं तोच सांगितला असेल. इंग्रजीची सवय असलेल्याला तो सोपा पडतो. तुम्ही मात्र आधी आपली बोटं कशाला सरावली आहेत ते बघा. ती रेमिंग्टन मांडणीवर, म्हणजे टाइपरायटरच्या मांडणीवर पळत असतील, तर युनिकोडमध्ये टाइप करणारे रेमिंग्टन कळफलकही मिळतात. २१ वर्षांचा वेग फेकून देऊ नका. मांडणी बदलायचीच ठरली, तर मी इनस्क्रिप्ट सुचवीन: स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. 'ऱ्ह' हवा असेल तर शिफ्ट धरून जे, मग डी, मग यू. फोनेटिकमध्ये याच अक्षराशी मी अनेकांना झगडताना पाहिलं आहे.

सुरुवातीला एक गोष्ट खटकेल. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, कारण डोळ्यांना ती आधी दिसते. युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमानं, म्हणजे अक्षरानंतर साठते. म्हणून श्रीलिपीतल्या जुन्या फाइली रूपांतर करून युनिकोडमध्ये आणल्या, की वेलांट्या आणि रफार हमखास घसरलेले दिसतात. ते शोधून काढणं हेसुद्धा काम आहे बरं का. जुन्या फॉन्टमध्ये अडकलेले अहवाल, स्मरणिका, अंक गावोगावी पडून आहेत आणि ते रूपांतर करून तपासून देणारं माणूस लागतं.

तुमच्यासारख्या नजरेला इथे आणखी काय दिसेल ते सांगते, कारण मला हा भाग मनापासून आवडतो. 'ॲप' हा शब्द युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिलेला सापडतो. कुणी अ टाइप करून त्यावर अर्धचंद्र देतं, कुणी 'ॲ' हे एकच अक्षर वापरतं. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. पडद्यावर दोन्ही जवळपास सारखीच. पण फाइलमध्ये एक शोधलं तर दुसरं सापडत नाही. 'दुसऱ्या'तल्या ऱ्याचंही तेच आहे, तोही दोन प्रकारे टाइप होतो. दोनशे पानांच्या पुस्तकात हे मिसळलेलं असलं तर सूची चुकते, शोध चुकतो आणि प्रकाशकाला का ते कळत नाही. छपाईच्या काळात जी नजर कागदावरचा तुटलेला काना पकडायची, तीच नजर इथे लागते.

आता त्या १९ ॲप्सकडे येते. भाच्यावर रागावू नका. त्याच्या नोकरीत वीस जण एकाच कामावर असतात, म्हणून त्याला स्लॅक आणि ट्रेलो लागतं. त्यानं प्रेमानं आपला डबा तुम्हाला दिला. तुमचं काम एकटीचं आहे. एका वेळी दोन-तीन कामं असतील तर त्यांची यादी वहीत राहते आणि ती वही उघडायला पासवर्ड लागत नाही.

मी स्वतः रोज काय वापरते ते सांगते. मजकुरासाठी गूगल डॉक्स आणि लिबरऑफिस. डॉक्समध्ये 'सजेस्टिंग' नावाची सोय आहे, तिच्याइतकी मुद्रितशोधकाच्या उपयोगाची दुसरी गोष्ट मला माहीत नाही. तुम्ही केलेली प्रत्येक दुरुस्ती वेगळ्या रंगात दिसते, मूळ शब्द खोडलेला दिसतो, शेजारी शंका लिहिता येते आणि लेखक एकेक स्वीकारतो किंवा नाकारतो. लाल शाईच्या प्रूफचंच हे रूप आहे. एक दुपार काढून दोन पानांवर करून बघा, उरलेलं आपोआप येईल. लिबरऑफिस मोफत आहे, इंटरनेट नसताना चालतं आणि त्यातही बदल नोंदवायची हीच सोय आहे. तुमच्या भागात पावसाळ्यात वीज आणि नेट किती टिकतं ते तुम्हीच जाणता, म्हणून दोन्ही हाताशी ठेवा.

त्यात एक बारीक काळजी घ्या: मजकुराची भाषा 'मराठी' अशी निवडा, हिंदी नको. अनेक फॉन्टमध्ये ल आणि श यांचे हिंदी आणि मराठी असे वेगळे आकार असतात आणि भाषा बघून फॉन्ट योग्य तो आकार दाखवतो. फॉन्टही मोफत आणि चांगले मिळतात. मुंबईच्या 'एक टाइप'चा मुक्ता मी बरीच वर्षं वापरते आहे.

फाइली ठेवायला गूगल ड्राइव्ह. १५ जीबी फुकट असतात, पण त्यात मेल आणि फोटोही मोजले जातात. लग्नाचे व्हिडिओ त्यात गेले तर कामाला जागा उरत नाही. त्यामुळे कामासाठी वेगळं खातं काढा, त्याला दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डनंतर फोनवरूनही खात्री) लावा आणि दर रविवारी सगळं एका पेन ड्राइव्हवर उतरवा. फाइलींची नावं 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल करेक्शनसह' अशी ठेवायची सवय छापखान्यातून तुमच्यासोबत आली असणार, माझ्याही सोबत आली होती. आधी वर्ष, मग महिना, मग तारीख आणि त्यापुढे कामाचं नाव असं लिहिलं की फाइली आपोआप क्रमानं लागतात. व्हॉट्सॲपवर बोलणं करा, पण कामाची फाइल तिथेच ठेवू नका. फोन बदलला की शोधायची कुठे?

नोशनबद्दल तुम्ही खास विचारलं आहे. ते वाईट नाही. पण कुठलंही साधन आपलंसं करण्याआधी मी एक प्रश्न विचारते: उद्या हे बंद पडलं तर माझं लिखाण मला साध्या फाइलीत परत मिळेल का? हा प्रश्न मी किंमत मोजून शिकले. एका टिपांच्या ॲपमध्ये मी चार वर्षांची शब्दांची टिपणं ठेवली होती. कंपनीनं गाशा गुंडाळला आणि टिपणं बाहेर काढली तेव्हा सगळ्या मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं आली. तीन वह्यांतून पुन्हा गोळा करताना एक उन्हाळा गेला. मोठ्या नावांचंही असंच होतं. गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झालं, लाखो लोकांची कामाची यादी असलेलं वंडरलिस्ट मे २०२० मध्ये गेलं, स्काइप मे २०२५ मध्ये. म्हणून नोशनमध्ये काही लिहिण्याआधी चार ओळींचं मराठी टिपण बनवा, बाहेर काढा, नोटपॅडमध्ये उघडा. नीट दिसलं तर ठेवा.

कोर्सचं काय? १८,००० रुपये थोडे नाहीत आणि तुम्ही लिहिलंय की ते मुलीच्या प्रवेशासाठी बाजूला ठेवलेल्यातले आहेत. माझं मत: आत्ता भरू नका. त्या कोर्सच्या माहितीपत्रकात २७ साधनांची नावं आहेत आणि मराठी टायपिंगचा उल्लेखही नाही. तुम्हाला हवं ते फुकट आणि मराठीतून उपलब्ध आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात लिबरऑफिसचे धडे मराठी आवाजात आहेत. एकेक धडा साधारण दहा मिनिटांचा. पडद्याच्या एका बाजूला धडा, दुसऱ्या बाजूला तोच प्रोग्रॅम, आणि थांबवत थांबवत स्वतः करून बघायचं, अशी त्यांची पद्धतच आहे. दिवसाला एक धडा पुरे. पुढे एखाद्या विषयाचं प्रमाणपत्र हवं वाटलं, तर सरकारच्या स्वयम् मंचावर कोर्स मोफत शिकता येतात, फी फक्त परीक्षेची असते.

तुम्ही आठ महिने व्हिडिओ बघितलेत आणि हाती काही लागलं नाही, यात तुमच्या वयाचा दोष नाही. नुसतं बघून कुणाच्याच लक्षात राहत नाही. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं की उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा, वाचून तो न बघता आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्यानंतर जास्त आठवत होतं. याच तत्त्वावर चालणारं आंकी नावाचं साधन मी ठामपणे सुचवते. अँड्रॉइडवर आणि लॅपटॉपवर ते मोफत आहे. पत्त्यासारखी कार्डं असतात: पुढे प्रश्न, मागे उत्तर. जे आठवलं ते कार्ड बऱ्याच दिवसांनी येतं, जे चुकलं ते लगेच. भाषांतराकडे वळायचं असेल तर इंग्रजी शब्दांची दहा कार्डं रोज. आणि मराठी शुद्धलेखनाचे ते अठरा नियम, १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार, तुम्हाला हातानं येतातच. तोंडानंही सांगता यायला हवेत. लेखक 'हे का बदललं?' असं विचारतो तेव्हा नियम सांगता आला की वाद तिथेच थांबतो. युनिकोडचा महिना संपला की पहिल्याच रविवारी त्यांची अठरा कार्डं करा.

पण ताई, शिकण्याची सगळ्यात चांगली जागा मी अजून सांगितली नाही. मराठी विकिस्रोत. तिथे जुनी, हक्कमुक्त झालेली मराठी पुस्तकं स्कॅन करून ठेवली आहेत. एका बाजूला छापील पानाचं चित्र, दुसऱ्या बाजूला यंत्रानं ओळखलेला मजकूर, आणि त्या मजकुरात असतात असंख्य चुका: घ चा ध, भ चा म, तुटलेली जोडाक्षरं. पान वाचून दुरुस्त करायचं आणि जतन करायचं. न तपासलेलं पान लाल असतं, एकानं तपासलं की पिवळं होतं आणि दुसऱ्या माणसानं पुन्हा तपासलं की हिरवं. पहिल्या माणसाला स्वतःचं पान हिरवं करता येत नाही. हे म्हणजे तुमचं पहिलं प्रूफ आणि दुसरं प्रूफ! पैसे मिळत नाहीत, हे आधीच सांगते. पण रोज दोन पानं केलीत तर दोन महिन्यांत युनिकोडवर हात बसेल, दुसऱ्यानं आपल्या कामात काय शोधलं ते दिसेल आणि तिथे घेतलेल्या सदस्यनावासमोर १२० पानांची उघडी नोंद राहील. 'अनुभव काय?' असं कुणी विचारलं तर दुवा पाठवायचा. त्या २७ साधनांच्या प्रमाणपत्रापेक्षा प्रकाशकाला हे जास्त सांगेल.

चॅटजीपीटीची भीती तुम्ही शेवटच्या परिच्छेदात लिहिली आहे: यंत्रच सगळं तपासणार असेल तर मला कोण बोलावणार? तुमची धास्ती पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. साधं, ठोकळेबाज भाषांतराचं काम कमी होताना मी पाहते आहे. पण त्याच वेळी 'यंत्रानं केलंय, जरा मराठी करून द्या' अशी कामं माझ्याकडे वाढली आहेत. 'समितीकडून निर्णय घेतला गेला' असलं वाक्य यंत्र बिनदिक्कत लिहितं. 'समितीनं निर्णय घेतला' हे तुमचा कान एका क्षणात सुचवतो. कधी लिंग चुकतं, कधी अख्खी ओळ गळते आणि तरी मजकूर गुळगुळीत वाचला जातो, म्हणून चूक दिसायला सरावलेला डोळा लागतो. साधन वापरा: इंग्रजी वाक्याचा अर्थ लागत नसेल तर विचारा, एखाद्या शब्दाला पर्याय मागा. उत्तर शब्दकोशात पडताळून पाहा. आणि पतसंस्थेचा अहवाल किंवा कुणाचं अप्रकाशित हस्तलिखित मालकाला न विचारता त्यात टाकू नका.

काम शोधायला लागाल तेव्हा 'घरबसल्या टायपिंग' नावाच्या जाहिराती अंगावर येतील. नोंदणी फी, अनामत, 'आधी सॉफ्टवेअर विकत घ्या', चुका निघाल्या म्हणून दंड आणि वकिलाची धमकी, हे सगळे फसवणुकीचे प्रकार आहेत. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. ओटीपी कुणालाही सांगू नका. पैसे गेलेच तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करा. जितकी लवकर, तितकी ते अडवता येण्याची शक्यता जास्त.

आणि एक विचार करा. ऑनलाइन काम म्हणजे मुंबईचं किंवा अमेरिकेचंच काम, असं तुमच्या पत्रातून जाणवलं. छापखाना बंद झाला, पण त्या पतसंस्था, त्या शाळा तिथेच आहेत. मार्च संपला की अहवाल कुणाकडून करून घ्यायचा हा प्रश्न त्यांनाही पडलेला असेल. तुम्ही घरी बसून, डॉक्सवर, युनिकोडमध्ये ते काम केलंत तर तेही ऑनलाइनच. पहिली तीन कामं ओळखीच्या माणसांची घ्या, चुका झाल्या तरी सांभाळून घेतील. दिवाळी अंकांची जुळवाजुळव उन्हाळ्यापासून सुरू होते, परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांच्या स्मरणिकांनाही तपासणारी माणसं लागतात. तिकडे नंतर वळा. नमुना म्हणून एक पान फुकट तपासून द्या, दहा पानं नाही.

भाच्याला त्यानं दिलेली ॲप्स काढली म्हणून वाईट वाटू नये असं तुम्हाला वाटतंय. त्याला एक काम द्या. पुढच्या वेळी घरी आला की त्याच्याकडून कामाचं वेगळं खातं, दोन टप्प्यांची पडताळणी आणि मराठी कळफलक बसवून घ्या. मग डॉक्स, ड्राइव्ह, लिबरऑफिस, आंकी आणि व्हॉट्सॲप ठेवून बाकीची त्याच्याच हातानं काढायला सांगा. भाषांतराचं काम खरंच सुरू झालं की ओमेगाटी नावाचं मोफत साधन शिकवायला त्याला पुन्हा बोलवा. केलेली वाक्यं ते लक्षात ठेवतं आणि तसंच वाक्य पुन्हा आलं की समोर आणतं. पण ते दिवाळीनंतर.

महिन्याभरानं मला पुन्हा लिहा. पीडीएफ नको, मेलच्या मजकुरातच लिहा. वेग कमी असेल, दोन ओळीच होतील, चालेल. 'दुसऱ्या' हा शब्द त्यात एकदा तरी येऊ द्या, म्हणजे कोणता कळफलक निवडलात याचा मला अंदाज येईल.